लॉर्ड : भाकरीचा राखणदार

'लॉर्ड' हा शब्द कानीं पडला कीं डोळ्यांपुढें एखादें भव्य दालन उभें राहतें. तांबड्या कातड्याच्या बैठका, लाल झगे, किताबांची लांबलचक माळ, आणि त्या सर्वांवर पसरलेला पिढीजात ऐश्वर्याचा थाट ! सत्ता, संपत्ति आणि कुलीनता यांच्याशीं या शब्दाची इतकी घट्ट सोयरीक जुळलेली आहे कीं, त्याचा जन्म चुलीशेजारीं झाला असें कोणी सांगितलें तर ती थट्टा वाटावी. पण ती थट्टा नव्हे. इंग्रजी भाषेंतील हा अत्यंत रुबाबदार शब्द मूळचा भाकरीचा शब्द आहे. आणि त्या भाकरीचें पुढें काय झालें, हाच त्याचा इतिहास होय.

इसवी सनाच्या पांचव्या शतकांत अँगल, सॅक्सन व ज्यूट या जमातींचे लोक उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनमध्यें उतरले. त्यांच्या बोलींतून जी भाषा तयार झाली तिला जुनी इंग्रजी म्हणतात. या भाषेंत भाकरीला 'ह्लाफ' असा शब्द होता, आणि राखण करणाऱ्याला 'वेअर्ड' म्हणत. दोन्ही मिळून 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे भाकरीचा राखणदार. हें पूर्ण रूप जुन्या लेखनांत क्वचितच आढळतें. बोलतां बोलतां त्याची झीज होऊन 'ह्लाफॉर्ड' हें रूप रूढ झालें होतें. पुढें आरंभींचा हकार गळाला, मधला फकार वकारांत मुरला आणि मग तोहि नाहींसा झाला. 'लॅव्हर्ड', 'लोव्हर्ड' अशीं स्थित्यंतरें होतां होतां अखेर 'लॉर्ड' एवढेंच उरलें. शब्द जितका मोठ्या माणसांचा झाला, तितका तो उच्चारांत लहान झाला !

यांतील 'ह्लाफ' म्हणजेच आजचा 'लोफ'. त्याचा गोतावळा मोठा आहे. जर्मन भाषेंत अखंड पावाला 'लाइब' म्हणतात तो याचाच भाऊ. आणि रशियन लोक भाकरीला 'ख्लेब' म्हणतात, तो शब्दहि प्राचीन काळीं जर्मानिक भाषांतूनच स्लाव्ह लोकांकडे गेला, असें भाषापंडितांचें मत आहे. इंग्रजींत मात्र पुढें 'ब्रेड' या शब्दानें त्याची जागा घेतली, आणि 'लोफ' हा केवळ एका सबंध पावापुरता उरला. तरीहि पंचांगांत त्याची एक खूण राहून गेली आहे. १ ऑगस्ट हा इंग्लंडांत 'लॅमस'चा दिवस. नव्या गव्हाची पहिली भाकर या दिवशीं देवळांत नेऊन अर्पण करावयाची, म्हणून मूळ नांव 'ह्लाफमेसे', भाकरीचा सण. आपल्याकडील नव्याच्या पुनवेशीं त्याचें नातें जुळावें, असाच तो आहे.

घरांत भाकरीचा राखणदार असला, तर भाकर करणारीहि असलीच पाहिजे. तिचें नांव 'ह्लॅफडीगे'. 'ह्लाफ' म्हणजे भाकर, आणि 'डीगे' म्हणजे मळणारी. कणीक मळून भाकर करणारी ती 'ह्लॅफडीगे'. तिचीच पुढें 'लेडी' झाली. या 'डीगे'मध्यें जो धातु आहे, त्याच धातूपासून मळलेल्या कणकेचें इंग्रजी नांव 'डो' हें आलें. येथें मराठी वाचकानें क्षणभर थांबावें. कारण हाच धातु संस्कृतांत 'दिह्' या रूपानें नांदतो. लिंपणें, थर देऊन वाढविणें असा त्याचा अर्थ. पाणिनीय धातुपाठांत तो 'उपचये' म्हणून दिलेला आहे. त्याच्यापासून 'देह' शब्द झाला. मातीचा लगदा लिंपून घडविलेली आकृति तो देह, आणि पिठाचा गोळा मळून घडविणारी ती लेडी ! हजारों कोसांचें अंतर असलेल्या दोन भाषांत एकाच धातूनें अशी दोन निराळीं घरें थाटलीं.

राखणदार झाला, करणारी झाली. आतां उरला खाणारा. त्यालाहि नांव होतें. 'ह्लाफएटा', म्हणजे भाकर खाणारा; दुसऱ्याच्या घरीं राहून त्याच्या अन्नावर जगणारा आश्रित. केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट यानें सातव्या शतकाच्या आरंभीं जे कायदे लिहविले, ते इंग्रजी भाषेंतील उपलब्ध असे सर्वांत जुने कायदे होत. त्यांत एक कलम असें आहे कीं, एखाद्या सामान्य शेतकऱ्याच्या 'भाकर खाणाऱ्याला' कोणी ठार मारलें, तर मारणाऱ्यानें त्या शेतकऱ्याला सहा शिलिंग भरपाई द्यावी. या लहानशा कलमांतून एक गोष्ट निश्चित कळते. त्या काळीं 'ह्लाफॉर्ड' होण्यास किताब लागत नव्हता. ज्याच्या घरीं चार माणसें जेवतात, तो साधा शेतकरीहि त्या चार माणसांचा 'ह्लाफॉर्ड' होता. पतीलाहि हाच शब्द लावीत.

संस्कृताशीं परिचय असणाऱ्यांना ही रचना परकी वाटणार नाहीं. 'भृ' धातूचा अर्थ धारण करणें व पोसणें. पोसणारा तो 'भर्ता', जिला पोसावयाचें ती 'भार्या', आणि ज्याला पोसावयाचें तो 'भृत्य'. मालक, पत्नी आणि चाकर या तिघांचीं नांवें आपल्या पूर्वजांनीं एकाच पोषणाच्या कल्पनेंतून काढलीं. इंग्रजांच्या पूर्वजांनीं तीं भाकरीच्या एकाच तुकड्यांतून काढलीं. फरक असला तर एवढाच कीं, 'भार्या' ही पोसली जाणारी आहे, तर 'लेडी' ही स्वतः भाकर घडविणारी आहे.

मात्र या जुन्या भाकरीकडे फार भाबडेपणानें पाहूं नये. जो भाकर देतो तो हुकूमहि देतो, आणि जो भाकर खातो त्याचे हात बांधले जातात. 'खाल्ल्या मिठाला जागणें' या आपल्या वाक्प्रचारांत जशी कृतज्ञता आहे तशीच बेडीहि आहे. इंग्लंडांत तेंच झालें. राजा आल्फ्रेड यानें (८७१ ते ८९९) आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेंत असें नमूद केलें कीं, बहुतेक अपराध पहिल्या खेपेस दंड घेऊन सोडून देतां येतील. परंतु आपल्या 'ह्लाफॉर्ड'शीं केलेल्या द्रोहाला क्षमा नाहीं. त्याचा नातू एथेलस्टन (९२४ ते ९३९) याच्या कायद्यानें तर आणखी पुढचें पाऊल टाकलें. ज्या माणसाला कोणीच धनी नाहीं, त्याला त्याच्या नातलगांनीं धनी शोधून द्यावा. तसें न झाल्यास तो पळपुटा समजला जाई, आणि त्याला कोणीहि चोर म्हणून मारूं शके. भाकर देणारा असणें ही सोय राहिली नाहीं. तो असणें ही सक्ति झाली.

पण याच बंधनाची दुसरी बाजूहि होती. ९९१ सालीं इसेक्समधील माल्डन येथें डेन लोकांशीं झालेल्या लढाईंत सरदार बिर्टनॉथ पडला, कांहीं जण पळाले, आणि उरलेले सोबती हार दिसत असूनहि आपल्या धन्याच्या प्रेताभोंवतीं झुंजत मेले. त्या प्रसंगावरील जुन्या इंग्रजी काव्यांत हे योद्धे धन्याच्या पंगतींत बसून केलेल्या प्रतिज्ञांची एकमेकांना आठवण देतात. पंगतींतलें ऋण रणांत फेडावयाचें, ही त्या काळची नीति होती. आणि ती दोन्ही बाजूंना बांधणारी होती. धन्यानें दिलें नाहीं, तर सेवकाचें वचनहि सैल होई.

याच सुमारास हा शब्द देवाकडेहि वळूं लागला. ईश्वरवाचक लॅटिन 'डोमिनुस' शब्दासाठीं जुन्या इंग्रजींत प्रायः 'ड्रिख्टेन' असा दुसराच शब्द वापरीत. त्याचा अर्थ योद्ध्यांच्या तुकडीचा नायक. मध्ययुगांत तो शब्द हळूहळू लोपला आणि त्याची जागा 'लॉर्ड'नें घेतली. यांत एक सुंदर योगायोग घडून आला. ख्रिस्ती लोकांच्या ज्या मुख्य प्रार्थनेला इंग्रज 'लॉर्ड्स प्रेअर' म्हणतात, तींत देवापाशीं रोजच्या भाकरीचें मागणें आहे. भाकरीच्या राखणदारापाशींच भाकर मागितली जाते. मागणाऱ्याला मात्र त्या नांवांतील भाकर दिसत नाहीं.

१०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. दरबाराची भाषा फ्रेंच झाली. 'ड्यूक', 'बॅरन' आणि पुढें 'मार्क्विस', 'व्हायकाउंट' अशीं सारीं पदनामें फ्रेंचांतून आलीं. पण या सर्वांना मिळून म्हणावयाचें काय, तर 'लॉर्ड' हेंच ! जेत्यांनीं जितांचा शब्द घेतला. त्यांतील अर्थ मात्र घेतला नाहीं. कारण आतां भाकरीचा ओघ उलटा वाहूं लागला होता. जहागिरीवर वेठबिगार करणारे शेतकरी आठवड्यांतील ठराविक दिवस लॉर्डच्या शेतांत राबत, आणि त्यांच्या श्रमानें लॉर्डचें कोठार भरे. जुन्या नात्याची एकच खूण कित्येक ठिकाणीं टिकून होती. सुगीच्या दिवसांत जादा कामाला बोलाविलेल्या गड्यांना लॉर्डच्या खर्चानें भाकर, बिअर आणि कधीं मांस वा मासळीचें जेवण देण्याची वहिवाट होती.

धान्य पिकविल्यावरहि शेतकऱ्याची सुटका नसे. दळण लॉर्डच्याच चक्कीवर न्यावें आणि त्यांतील ठराविक भाग मोबदला म्हणून तेथेंच ठेवावा, असा जहागिरीचा हक्क होता. घरच्या जात्यावर दळणें हा अपराध ठरे. लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स म्हणून गांव आहे. तेथील मोठ्या मठाकडे गांवची जहागीर होती, आणि मठाधिपति हाच गांवकऱ्यांचा लॉर्ड. चौदाव्या शतकांत रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा त्या पदावर होता. हा मोठा गणिती व ज्योतिषी. त्यानें रचलेलें खगोलदर्शक घड्याळ त्या युगांत विख्यात झालें. पण याच विद्वान् धर्मगुरूनें गांवकऱ्यांचीं जातीं जप्त केलीं आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या खोलींत फरशीसारखे बसवून टाकले. येतां जातां गांवकऱ्यांनीं आपला पराभव पाहावा, असाच तो देखावा होता.

ते दगड सुमारें पन्नास वर्षें तेथें पडून राहिले. १३८१ च्या जून महिन्यांत इंग्लंडांत शेतकऱ्यांचें प्रसिद्ध बंड उसळलें, तेव्हां सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकोब याच्या पुढारीपणाखालीं मठांत शिरले. त्यांनीं ते जात्यांचे दगड उखडले, फोडले, आणि एकेक तुकडा प्रत्येकाला वांटून दिला. याच मठांतील बखरकार टॉमस वॉल्सिंगहॅम हा बंडवाल्यांचा कट्टर द्वेष्टा. पण त्यानेंच लिहून ठेवलें आहे कीं, देवळांत रविवारीं प्रसादाची भाकर वांटतात तसे ते तुकडे वांटले गेले. त्या लोकांपैकीं कोणालाहि 'लॉर्ड' शब्दाची व्युत्पत्ति ठाऊक नसेल. तरीहि लॉर्डच्या घरांतून दगड उचलून त्याची भाकर करून वांटणाऱ्या त्या हातांनीं शब्दाचा विसरलेला अर्थच जणूं उकरून काढला. बंड मोडलें, ग्रिंडकोब फांशीं गेला, चक्कीचा हक्क मठाकडेच राहिला.

यापुढें 'लॉर्ड' शब्दाचा प्रवास झपाट्यानें सांगतां येतो. तो अधिकारपदांना चिकटला : लॉर्ड चॅन्सेलर, लॉर्ड मेयर. पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाला 'हाउस ऑफ लॉर्ड्स' हें नांव पडलें. त्याचें एक क्रियापदहि झालें, आणि त्याचा अर्थ होता मिजास करणें, दुसऱ्यावर तोरा गाजविणें. सतराव्या शतकांत दारू पिऊन पुरता झिंगलेल्या माणसाला लॉर्डची उपमा देण्याचा प्रघात पडला. एकेकाळीं जो वांटून देणारा होता, तो आतां लोकांच्या तोंडीं उधळणारा ठरला. १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद करणाऱ्या पार्लमेंटनें हाउस ऑफ लॉर्ड्सहि रद्द केलें. पण चारच वर्षांनीं क्रॉम्वेलनें सर्वाधिकार हातीं घेतले, तेव्हां त्यानें स्वीकारलेलें पद होतें 'लॉर्ड प्रोटेक्टर'! १६६० मध्यें राजाबरोबर लॉर्ड मंडळीहि परत आली.

इकडे 'लेडी'ची कथा निराळ्या वळणानें गेली. दहाव्या शतकाच्या आरंभीं मर्सिया प्रांतावर राज्य करणारी आल्फ्रेडची कन्या एथेलफ्लेड हिला बखरींत 'मर्सियनांची ह्लॅफडीगे' असें म्हटलें आहे. डेनांविरुद्ध किल्ले बांधणारी ती शूर स्त्री होती. पुढें येशूमाता मेरीलाहि हें नांव मिळालें, आणि तिच्याच नांवानें एका तांबड्या ठिपकेदार किड्याला 'लेडीबर्ड' म्हणूं लागले. त्यानंतर हा शब्द सरदारांच्या स्त्रियांचा झाला, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुखवस्तु घरांतील प्रत्येक स्त्रीला तो हवासा वाटूं लागला. पण 'लेडी' ठरण्याची कसोटी काय ? तर जिला हातानें काम करावें लागत नाहीं ती ! जिच्या हाताला कणीक लागलेली असे म्हणून जी 'लेडी' झाली, तीच आतां कणीक लागूं देईना, म्हणून 'लेडी' ठरली. शब्दानें इतकी पुरती कोलांटी उडी घेतल्याचीं उदाहरणें थोडींच सांपडतील.

लॉर्ड आणि भाकर यांची खरी समोरासमोर गांठ पडली ती एकोणिसाव्या शतकांत. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ सालीं संपत आलें, आणि स्वस्त परदेशी धान्य इंग्लंडांत येण्याचा रंग दिसूं लागला. जमीनदारांचें उत्पन्न धान्याच्या भावावर अवलंबून. आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत जमीनदारांचाच भरणा. त्यांनीं कायदा केला कीं, देशांत गव्हाचा भाव क्वार्टर या मापाला ८० शिलिंगांपर्यंत चढल्याखेरीज परदेशी गहूं बाजारांत येऊं द्यावयाचा नाहीं. हा कायदा चर्चेंत असतांनाच लंडनमध्यें दंगे उसळले, आणि पार्लमेंटच्या रक्षणास सैन्य आणावें लागलें. भाकरीचे राखणदार भाकर महाग ठेवण्यासाठीं बंदुकांच्या आड बसले होते !

पुढें तीस वर्षें हा झगडा चालला. मँचेस्टर हें विरोधकांचें ठाणें झालें; रिचर्ड कॉब्डेन व जॉन ब्राइट यांनीं गांवोगांव सभा घेतल्या. एक मोठा पाव आणि एक लहान पाव, हीं त्यांच्या प्रचाराचीं चिन्हें होतीं : कायदा गेला तर हा मोठा, राहिला तर हा लहान. अर्थशास्त्राचे ग्रंथ न वाचलेल्या मजुरालाहि हा हिशेब एका दृष्टिक्षेपांत कळे. १८४५ मध्यें आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजलें आणि उपासमार सुरू झाली. मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यानें स्वपक्षाचा रोष पत्करून १८४६ सालीं कायदा रद्द करविला. आणि लॉर्ड मंडळींना त्यास संमति देण्यास तयार केलें तें वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन यानें.

हा शब्द हिंदुस्थानांत आला तो गव्हर्नर जनरलांबरोबर. येथील जिभेनें त्याचा 'लाट' केला. कोणताहि मोठा गोरा अधिकारी, मग तो किताबानें लॉर्ड असो वा नसो, 'लाटसाहेब' झाला. सरसेनापति हा 'जंगी लाट'. आणि येथेंहि भाकरीनें लॉर्डला गांठलेंच. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिण हिंदुस्थानांत व मुंबई इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला होता. त्याच काळांत, १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यानें दिल्लीस मोठा दरबार भरविला. खर्चाला आळा घालण्यासाठीं पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपलनें दुष्काळी कामांवरील मजुरी उतरवून प्रौढ पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आणली. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं कामें सोडलीं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दुष्काळाची माहिती गोळा केली, सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठविले, आणि एवढ्या धान्यावर राबणारा माणूस जगूं शकत नाहीं, असें बजावलें. भाकर किती द्यावी हें ठरविण्याची सत्ता लॉर्डपाशीं होती. ती भाकर पुरी पडते कीं नाहीं, हें सांगण्याचें काम मात्र 'भाकर खाणाऱ्यां'ना करावें लागलें.

विसाव्या शतकांत लॉर्डांची सत्ता ओसरत गेली. १९०९ सालीं लॉइड जॉर्जचें अंदाजपत्रक हाउस ऑफ लॉर्ड्सनें फेटाळलें, त्याचें उत्तर म्हणून १९११ च्या कायद्यानें पैशासंबंधींचीं विधेयकें अडविण्याचा त्यांचा अधिकार गेला. १९५८ पासून तहहयात लॉर्ड नेमण्याचा प्रघात सुरू झाला, आणि १९९९ च्या कायद्यानें बहुतेक सर्व वंशपरंपरागत लॉर्डांना सभागृहाबाहेर काढलें. भारतांत राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें असले किताब बंद केले. तरी न्यायालयांत 'माय लॉर्ड' हें संबोधन घुमत राहिलें. २००६ मध्यें वकिलांच्या अखिल भारतीय परिषदेनें त्याऐवजीं साधें आदरार्थी संबोधन वापरावें असें ठरविलें, तरी तें पुरतें गेलें नाहीं. मराठींत 'मोठा लाटसाहेब लागून गेलास' असें म्हणून आई मुलाच्या तोऱ्याची हजेरी घेते. त्या वेळीं पुष्कळदां तिचे हात कणकेंत असतात. तेव्हां मूळच्या अर्थानें लेडी तीच, आणि लाटसाहेब हा निव्वळ ह्लाफएटा!

आपल्या भाषांत या शब्दाचा एक समानार्थी शब्द आहे : 'अन्नदाता'. संस्थानी दरबारांत राजाला याच नांवानें हांक मारीत, आणि 'ह्लाफॉर्ड' शब्दाचें याहून चपखल भाषांतर सांपडणें कठीण. मात्र त्याचा पुढील प्रवास 'लॉर्ड'च्या अगदीं उलट झाला. इंग्रजी शब्द भाकर विसरून सिंहासनाकडे गेला. आपला शब्द सिंहासन सोडून भाकरीकडे परत आला. आज 'अन्नदाता' म्हटलें कीं कोणा राजाची मूर्ति डोळ्यांपुढें येत नाहीं. येतो तो नांगरामागें चालणारा शेतकरी.